फाइल सापडत नाही तेव्हा काय लिहायचं? कॅप्टन हीननच्या कोर्ट मार्शलची गोष्ट



दोन वर्षांपूर्वी माझ्या संशोधन आराखड्याचं सादरीकरण होतं. विषय होता दुसऱ्या महायुद्धात मलायात लढलेलं ब्रिटिश हिंदी सैन्य. आराखड्याच्या चौथ्या पानावर मी एक वाक्य अगदी बिनधास्त लिहिलं होतं: ‘कॅप्टन पॅट्रिक हीनन या फितूर अधिकाऱ्याने जपान्यांना लष्करी गुपितं पुरवली आणि त्यामुळे उत्तर मलायातलं ब्रिटिश हवाई दल पहिल्याच दिवशी निकामी झालं.’

समितीतल्या एका सरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, ‘कशावरून?’

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

‘त्यांनी कशावरून लिहिलं?’

मी म्हटलं, त्या वेळच्या काही अधिकाऱ्यांच्या आठवणींवरून.

‘आणि त्या अधिकाऱ्यांना कशावरून माहीत?’

इथे मी अडकले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर हा तिसरा प्रश्न विचारायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही सध्या पेट किंवा नेट-सेटच्या तयारीत असाल, आराखडा लिहायला घेतला असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. हीननची गोष्ट सांगते, आणि तिच्यातलं एकेक वाक्य ‘कशावरून’च्या कसोटीवर घासून बघूया. गोष्ट रंजक आहे, पण तिच्यात एका माणसाचा जीव गेलेला आहे आणि त्याचं नाव कायमचं काळं झालं आहे. त्यामुळे ती सांगताना आपली जबाबदारी नेहमीपेक्षा जास्त आहे.

आधी गोष्ट, जशी सांगितली जाते तशी

पॅट्रिक हीननचा जन्म 1910 मध्ये न्यूझीलंडमधल्या रीफ्टन या खाणीच्या गावात झाला. लहानपणीचा काही काळ ब्रह्मदेशात गेला, मग शिक्षण इंग्लंडमध्ये. अभ्यासात बेताचा, खेळात पुढे, मुष्टियुद्धात तरबेज. 1930च्या दशकात तो हिंदी सैन्यात अधिकारी म्हणून आला आणि पुढे सोळाव्या पंजाब रेजिमेंटशी जोडला गेला. सहकाऱ्यांमध्ये तो लोकप्रिय नव्हता, असं बहुतेक सगळे सांगतात. 1938-39 च्या सुमारास त्याने लांब रजा घेतली आणि ती जपानमध्ये घालवली. ही रजा पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, लक्षात ठेवा.

1941 मध्ये तो रेजिमेंटबरोबर मलायात पोहोचला. तिथून त्याला सिंगापूरला हवाई संपर्काच्या कामाचं प्रशिक्षण मिळालं आणि नेमणूक झाली अलोर स्टारला. हे गाव उत्तर मलायात, केदाह राज्यात, थायलंडच्या सीमेपासून जवळ. तिथे ब्रिटिशांचा विमानतळ होता. हवाई संपर्क अधिकारी म्हणजे भूदल आणि हवाई दल यांच्यातला दुवा. कुठल्या विमानतळावर काय आहे, भूदलाला कुठे मदत हवी आहे, याची माहिती अशा माणसाच्या टेबलावरून जाते. थोडक्यात, गुपितं फोडायची असतील तर याहून सोयीची खुर्ची नाही.

8 डिसेंबर 1941 च्या मध्यरात्रीनंतर जपानी सैन्य मलायाच्या पूर्व किनाऱ्यावर कोटा भारूला उतरलं. तारखेच्या घोळात पडू नका: पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तिथे 7 तारीख होती, पण प्रत्यक्ष घड्याळ लावलं तर कोटा भारूचा हल्ला आधीचा. त्याच दिवशी अलोर स्टार, सुंगेई पाटाणी, बटरवर्थ या विमानतळांवर जपानी विमानं तुटून पडली. सकाळी उत्तर मलायात वापरण्याजोगी सुमारे 110 ब्रिटिश विमानं होती. संध्याकाळी त्यांतली सुमारे 50 उरली. जपानी वैमानिक नेमके विमानं जमिनीवर असतानाच येत होते, असं तिथल्या लोकांना वाटलं. कुणीतरी आतून सांगतंय, ही कुजबुज सुरू झाली. हीननच्या वरिष्ठाला, मेजर फ्रान्सला, त्याच्या हालचालींचा संशय आला. 10 डिसेंबरला हीननला अटक झाली. त्याच्याकडे टाइपरायटरसारखा दिसणारा गुप्त ट्रान्समीटर सापडला, असं सांगतात. जानेवारी 1942 मध्ये सिंगापूरला त्याचं कोर्ट मार्शल झालं आणि तो दोषी ठरला.

शेवट अंगावर येणारा आहे. 13 फेब्रुवारी 1942. सिंगापूर पडायला दोन दिवस. शहरावर बाँब पडत होते, बंदरावर धूर होता. जपानी येणार आणि मी सुटणार, असं हीनन पहाऱ्यावरच्या शिपायांना हिणवत होता म्हणे. शेवटी लष्करी पोलिसांनी पत्ते कापून ठरवलं की हे काम कुणी करायचं. त्याला बंदराच्या काठावर नेलं, पाठीमागून गोळी घातली आणि प्रेत पाण्यात ढकललं.

आता एका गोष्टीची पाच वाक्यं करा

मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी ही सगळी गोष्ट एकच दावा समजले होते. खरं तर तिच्यात निदान पाच वेगवेगळे दावे आहेत, आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

एक, हीननला अटक झाली. दोन, त्याच्यावर कोर्ट मार्शल चाललं. तीन, त्याने खरोखर गुपितं फोडली. चार, त्याला 13 फेब्रुवारीला गोळी घातली गेली. पाच, त्याच्या फितुरीमुळे हवाई दल बुडालं.

पहिल्या दाव्याबद्दल फारसा वाद नाही. दुसराही बऱ्यापैकी पक्का मानला जातो. तिसऱ्यापासून जमीन भुसभुशीत होते. कारण? खटल्याच्या कामकाजाचा कागद अभ्यासकांच्या हाती आलेला नाही. आरोपपत्र काय होतं, साक्षीदार कोण होते, ट्रान्समीटर न्यायालयासमोर ठेवला गेला का, आरोपीने बचावात काय म्हटलं, हे सगळं ज्या फाइलमध्ये असायला हवं तीच समोर नाही. सिंगापूर पडण्याआधीच्या दिवसांत लष्करी मुख्यालयांनी ढिगांनी कागद नष्ट केले होते, तेव्हा अशी फाइल न मिळणं हे तसं आश्चर्याचं नाही. पण ‘फाइल नाही याचाच अर्थ काहीतरी दडवलंय’ हे अनुमान जितकं घाईचं आहे, तितकंच ‘फाइल जळली असणार, पण गुन्हा सिद्धच होता’ हेही घाईचं. दोन्ही वाक्यं फाइल न वाचता लिहिलेली आहेत.

चौथा दावा तर अजून नाजूक. लष्करी कायद्यात कोर्ट मार्शलने शिक्षा सुनावली म्हणजे काम संपत नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याने ती कायम करावी लागते, तोवर ती अमलात येत नाही. आता पत्ते कापून ठरवलेली, संध्याकाळच्या वेळी धक्क्यावर घातलेली गोळी ही कायम झालेल्या शिक्षेची अंमलबजावणी होती, की वेढ्यात सापडलेल्या, भेदरलेल्या शिपायांनी केलेला खून? कथेत हा फरक पुसला जातो. ‘त्याला गोळी घालण्यात आली’ असं कर्मणी वाक्य लिहिलं की कर्ता गायब होतो, आणि कर्त्याबरोबर कायदाही गायब होतो. मराठीत संशोधन लिहिताना ही सवय आपल्याला फार आहे. ‘करण्यात आले’, ‘देण्यात आली’, ‘मानले जाते’. असं क्रियापद दिसलं की थांबा आणि स्वतःला विचारा: कुणी?

आठवणी कुठे तयार झाल्या?

हीननचं नाव सर्वसामान्य वाचकांपर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचलं ते 1993 मध्ये, पीटर एल्फिक आणि मायकेल स्मिथ यांच्या ‘ऑड मॅन आउट’ या पुस्तकामुळे. म्हणजे घटनेनंतर 50 वर्षांनी. लेखकांनी मेहनत केली यात शंका नाही: जुन्या अधिकाऱ्यांना गाठलं, खासगी कागद पाहिले, शाळेपासूनचा माग काढला. मेजर फ्रान्सच्या कथनाला त्यात महत्त्वाची जागा आहे. पण त्यांच्या साधनांचा मोठा भाग म्हणजे आठवणी. आणि आठवणी वापरताना नुसतं ‘कोण सांगतंय’ एवढं बघून भागत नाही. ती आठवण कुठे आणि कुणाच्या संगतीत घट्ट झाली, हेही बघावं लागतं.

विचार करा. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर शरण गेलं. ज्यांना हीननबद्दल काही माहीत होतं किंवा कानावर आलं होतं, ते बहुतेक जण पुढची साडेतीन वर्षं युद्धकैदी होते. चांगीच्या छावणीत, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर. उपाशी, आजारी, हरलेले. तिथे रोज रात्री एकच प्रश्न चघळला जात असणार: आपण हरलो कसे? शत्रू सायकलींवरून आला आणि आपण सत्तर दिवसांत मलाया आणि सिंगापूर दोन्ही गमावलं, कसे? अशा प्रश्नाला ‘आपल्यातलाच एक फितूर झाला’ हे उत्तर फार दिलासा देणारं असतं. त्यात सेनापतींची चूक नाही, लंडनची नाही, आपली स्वतःची तर नाहीच.

याचा अर्थ ते खोटं बोलत होते असा नाही. एखाद्याने स्वतः पाहिलेली अटक, दुसऱ्याने ऐकलेली गोळीबाराची गोष्ट आणि तिसऱ्याचा अंदाज, हे तिन्ही साडेतीन वर्षांच्या गप्पांत एकमेकांत मिसळतात. पन्नास वर्षांनी मुलाखत घेणाऱ्यासमोर येतं ते त्यांचं मिश्रण. तुम्ही मौखिक इतिहासावर काम करणार असाल, मग विषय गिरणी संप असो की दुष्काळ, मुलाखतीच्या वहीत एक रकाना कायम ठेवा: ‘स्वतः पाहिलं, की ऐकलं? ऐकलं तर कुणाकडून, कधी?’ हा रकाना माझ्या वहीत पहिल्या वर्षी नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या मुलाखती मला जवळजवळ पुन्हा घ्याव्या लागल्या.

स्वभावाचा पुरावा

हीननबद्दल वाचताना मला आणखी एक गोष्ट खटकत गेली. त्याच्याविरुद्धचं लिखाण चाळलं तर बरीच पानं त्याच्या स्वभावावर खर्च झालेली दिसतात. बापाचा पत्ता नीट नाही, शाळेत मागे, मेसमध्ये कुणाशी पटत नाही, बढाईखोर, बायकांच्या मागे. हे सगळं खरं असेलही. पण यातलं काय गुपित फोडल्याचा पुरावा आहे?

काहीच नाही. फार तर एवढं म्हणता येईल की दुखावलेला, बाजूला टाकलेला माणूस शत्रूच्या जाळ्यात लवकर सापडू शकतो. ही शक्यता झाली. उलट बाजूने बघा: मेसमध्ये ज्याला कुणीच आपला मानत नाही, त्याच्यावर संशयही सगळ्यात आधी जातो. म्हणजे एकच माहिती दोन विरुद्ध गोष्टींना सारखीच चिकटते. जो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडतो, तो पुरावा म्हणून निकामी असतो. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

जपानमधल्या रजेचंही तसंच. 1938-39 मध्ये ब्रिटन आणि जपान यांच्यात युद्ध नव्हतं. हिंदुस्थानात नोकरी करणारा अधिकारी रजेत जपानला गेला यात नियमबाह्य काही नव्हतं. 1941 नंतर मागे वळून पाहिलं की ती रजा भयंकर दिसते. इतिहास उलट्या बाजूने वाचला की सगळेच योगायोग खुणा वाटायला लागतात. रजा संशयाला बळ देते हे खरं, ती नोंदवायलाच हवी. पण ‘तिथेच त्याला जाळ्यात ओढलं’ हे वाक्य लिहायला तिथलं काहीतरी साधन लागेल.

पाचवा दावा: त्याच्यामुळे हवाई दल बुडालं?

आता माझ्या आराखड्यातल्या वाक्याचा उत्तरार्ध. ‘आणि त्यामुळे.’ हे दोन शब्द इतिहासात सगळ्यात महाग. यांची तपासणी करायची एक साधी रीत आहे: तो माणूस चित्रातून काढून टाका आणि बघा, काय बदलतं?

हीनन नसता तर उत्तर मलायात ब्रिटिश विमानं टिकली असती का? मुळात पूर्ण मलायात आघाडीची विमानं होती 158. संरक्षण नीट करायचं तर 336 लागतील, असा अंदाज ब्रिटिश सेनाप्रमुखांनीच आधी केलेला होता. लढाऊ विमानं होती ब्रूस्टर बफेलो जातीची, जी जपानी लढाऊ विमानांपुढे टिकत नव्हती. सूचना देणारी रडार यंत्रणा सिंगापूरभोवती होती, उत्तरेकडच्या विमानतळांना तिचं छत्र नव्हतं. विमानविरोधी तोफा तुटपुंज्या. कोटा भारूसारखे काही विमानतळ किनाऱ्याला इतके खेटून बांधले होते की भूदलाला त्यांचं रक्षण करणं अवघड, आणि जागा निवडताना भूदलाला नीट विचारलंही नव्हतं.

राहिला तो ‘नेमके विमानं जमिनीवर असताना आले’ हा मुद्दा. कोटा भारूकडे जपानी उतरल्याचं कळल्यावर त्या सकाळी बहुतेक तुकड्या हवेत झेपावल्या होत्या. पहिली फेरी संपली की त्या इंधन आणि बाँब भरायला परत येणार, हे उघड होतं. सकाळभर लाटेमागून लाट पाठवणाऱ्या शत्रूला काही विमानं जमिनीवर सापडणारच. यासाठी हेर असू शकतो. पण हेराशिवायही हे होऊ शकतं, आणि संशोधकाला या दुसऱ्या शक्यतेचाही हिशेब द्यावा लागतो.

मग जपान्यांना माहिती कुठून मिळाली? इथे मात्र आपल्याकडे बऱ्यापैकी पक्की साधनं आहेत. दोन सांगते.

पहिलं, ‘ऑटोमेडॉन’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज. 11 नोव्हेंबर 1940 ला सुमात्राजवळच्या समुद्रात ‘अटलांटिस’ या जर्मन जहाजाने ते पकडलं. त्यावर सिंगापूरच्या सरसेनापतीसाठी निघालेले अतिगोपनीय कागद होते. त्यात सेनाप्रमुखांचं स्पष्ट मत होतं की सध्याच्या परिस्थितीत अतिपूर्वेत पुरेसं आरमार पाठवता येणार नाही. जर्मनांनी ते कागद टोकियोत पोहोचवले, आणि डिसेंबर 1940 मध्ये ते जपान्यांना मिळाले. हल्ल्याच्या एक वर्ष आधी! हे गुपित कुणा हेराने फोडलं नाही. ते साध्या व्यापारी जहाजावर ठेवून पाठवलं होतं, त्या निर्णयाने फोडलं.

दुसरं, कर्नल त्सुजी मासानोबू. मलाया मोहिमेच्या आखणीतला हा प्रमुख अधिकारी ऑक्टोबर 1941 मध्ये स्वतः टेहळणी विमानात बसून इंडोचायनातून उडाला आणि उत्तर मलायातले विमानतळ वरून पाहून आला. अलोर स्टार त्यात होतं. युद्धानंतर त्याने हे लिहूनही ठेवलं. धावपट्ट्या आकाशातून दिसतातच, त्या गुप्त ठेवण्याची सोय कुणाकडे नसते.

म्हणून आज मी एवढंच म्हणू शकते: हीननने माहिती दिली असेल तर तिने जपान्यांचं काम सोपं केलं असेल. पण तो नसता तरी मलायाचा निकाल बदलला असता, असं मानायला आधार नाही. हे वाक्य पहिल्या वाक्याइतकं झणझणीत नाही, मला मान्य आहे. पण याला कुणी ‘कशावरून’ विचारलं तर मी उत्तर देऊ शकते.

त्याच गावात, त्याच आठवड्यात

आता माझ्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो हीननच्या पुस्तकी कथेत अनेकदा कडेला राहतो.

हीननला अटक झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 11 डिसेंबरला, अलोर स्टारच्या उत्तरेला पहिल्या-चौदाव्या पंजाब पलटणीवर जपानी रणगाडे चालून आले. ब्रिटिशांकडे मलायात एकही रणगाडा नव्हता. आमच्या मुलाखतींत एका कुटुंबाने सांगितलं की आजोबांनी त्या दिवसापर्यंत रणगाडा डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. पलटण फुटली. तिचे एक कॅप्टन जंगलात वाट काढत राहिले आणि काही दिवसांत जपानी मेजर फुजिवारा इवाइची याच्या संपर्कात आले. ठिकाण पुन्हा अलोर स्टारचा परिसर. ते कॅप्टन म्हणजे मोहनसिंग. आझाद हिंद सेनेच्या पहिल्या उभारणीची सुरुवात इथून झाली.

म्हणजे एकाच गावाच्या आसपास, एकाच आठवड्यात, ब्रिटिश सम्राटाची शपथ घेतलेले दोन कॅप्टन. एकाला लंडनच्या नजरेने आपण आजही फितूर म्हणतो. दुसऱ्याला त्याच नजरेने फितूर म्हणायचं, पण आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. घाबरू नका, मी दोघांना एका मापात तोलत नाहीये. एकावर आरोप आहे की त्याने पदावर राहून गुपचूप माहिती विकली वा दिली, दुसऱ्याने उघडपणे बाजू बदलली आणि कारण सांगितलं. फरक मोठा आहे. मुद्दा एवढाच, की ‘फितूर’ हा शब्द घटनेचं वर्णन करत नाही, तो निवाडा देतो. आणि निवाड्याचा शब्द साधनातून उचलून आपल्या वाक्यात आणताना तो कुणाचा निवाडा आहे हे सांगावं लागतं.

आपल्याला मराठीत तर हे वेगळं समजावायला नको. 1689 मध्ये रायगड पडला याचं उत्तर लोकांच्या तोंडी एकाच नावात तयार असतं: सूर्याजी पिसाळ. त्या नावाची तर शिवीच झाली आहे. प्रत्यक्षात त्या प्रसंगात कुणाची भूमिका काय होती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. गड पडला की फितूर शोधायचा, ही सवय काही इंग्रजांचीच नाही.

कागदांच्या बाबतीतही ही तुलना शिकवून जाते. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचं पहिलं कोर्ट मार्शल 5 नोव्हेंबर 1945 ला लाल किल्ल्यात सुरू झालं. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ. बचावाला मुंबईचे नामवंत वकील भुलाभाई देसाई. खटला उघड चालला, वर्तमानपत्रांत रोज छापून आला, कामकाज पुस्तकरूपात आलं. त्यामुळे आज तुम्ही फिर्यादीचा युक्तिवाद आणि बचावाचा युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवून वाचू शकता. आरोपी काय म्हणाले ते त्यांच्या शब्दांत वाचू शकता. सावंतवाडी संस्थानातून आलेले जगन्नाथराव भोसले यांच्यासारख्या त्या सेनेतल्या मराठी अधिकाऱ्यांवर काम करायचं असेल तरी हे साहित्य हाताशी आहे. हीननच्या बाबतीत आपल्याकडे एकच आवाज आहे: त्याला पकडणाऱ्यांचा. तो स्वतः काय म्हणाला ते आपल्यापर्यंत पोहोचलेलं नाही. पोहोचलं ते फक्त शिपायांना हिणवणं, आणि तेही त्याला गोळी घालणाऱ्यांच्या बाजूनेच.

मग करायचं काय?

फाइल नाही म्हणून विषय सोडायचा का? अजिबात नाही. मूळ फाइल नसली की तिच्या भोवतीचे कागद वाचायचे. अशा अधिकाऱ्याची नेमणूक आणि बढती लंडन गॅझेटमध्ये आणि हिंदी सैन्याच्या छापील याद्यांमध्ये सापडते. त्याने रजा कधी घेतली, बदली कुठे झाली, यासाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद. तुकडीच्या रोजनिशा क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. सैनिकांची खासगी पत्रं आणि डायऱ्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये. दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आपल्या हाताशी आहे. आणि जपानी बाजू बघायची असेल तर जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने बरंच साहित्य ऑनलाइन मोफत ठेवलंय. भाषेची अडचण आहे, पण ‘जपानी हेर’ या विषयावर जपानी कागद न बघता लिहिणं म्हणजे एकाच बाजूचं ऐकून तंटा मिटवण्यासारखं आहे.

आणि लिहिताना क्रियापदांची शिडी वापरा. ‘झालं’ हे फक्त तिथे, जिथे त्या वेळचा कागद आहे किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन साधनांचा मेळ बसतो. ‘असं अमुक सांगतो’ हे तिथे, जिथे एकाच माणसाचं कथन आहे, आणि त्या माणसाचं नाव लिहा. ‘असू शकतं’ हे तुमच्या अनुमानासाठी, कारणासकट. एका पायरीवरून दुसरीवर उडी मारायची नाही.

माझ्या प्रकरणात ते वाक्य आता असं आहे: ‘अलोर स्टार येथील हवाई संपर्क अधिकारी कॅप्टन पॅट्रिक हीनन याला 10 डिसेंबर 1941 रोजी शत्रूला माहिती दिल्याच्या संशयावरून अटक झाली व जानेवारीत सिंगापूर येथे त्याच्यावर कोर्ट मार्शल चालले. खटल्याचे कामकाज उपलब्ध नसल्याने त्याच्यावरील आरोप व त्याचा मृत्यू यांविषयीची माहिती मुख्यतः त्याच्या सहकाऱ्यांच्या नंतरच्या कथनांवर आधारलेली आहे.’

कोरडं आहे. मित्रांना वाचून दाखवलं तर कुणी वाह म्हणणार नाही. पण गोळी खाऊन पाण्यात ढकललेल्या माणसाला आपण दुसरं काही देऊ शकत नाही, फक्त एवढंच की जे सिद्ध नाही ते त्याच्या नावावर मांडायचं नाही. आणि तो खरोखर दोषी असेल, तर ज्या सैनिकांचे जीव त्याने धोक्यात घातले, त्यांच्याशीही आपण प्रामाणिक राहतो, कारण त्यांच्या मरणाची बाकीची कारणं आपण एका माणसामागे लपवत नाही.

आता एक काम करा. तुमचा आराखडा उघडा. त्यातलं सगळ्यात आत्मविश्वासाने लिहिलेलं वाक्य शोधा, ज्याच्यावर तुमचा जीव आहे असं. त्याला तीन वेळा विचारा: कशावरून? तिसऱ्या वेळी उत्तर आलं, तर वाक्य ठेवा. नाही आलं, तर निराश होऊ नका. तिथेच तुमचं संशोधन सुरू होतंय.

भेटू पुढच्या लेखात.